वर्षानंतर मुलाची भूक का मंदावते, आणि काळजी नेमकी कशाची करावी

पहिला वाढदिवस उलटून दोन-तीन महिने झाले की बहुतेक घरांत एक तक्रार सुरू होते. उष्टावणानंतर मऊभात, नाचणीची खीर, मुगाची खिचडी असे जे पुढे येईल ते आवडीने खाणारे मूल अचानक तोंड फिरवू लागते. दोन घास खाते, तिसरा गालात धरून ठेवते आणि चौथा थुंकून टाकते. घरातली मोठी माणसे ‘पोर वाळले’ म्हणतात, संध्याकाळी मीठ-मोहरीने दृष्ट काढली जाते आणि पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांकडे भूक वाढवणाऱ्या औषधाची मागणी होते. या सगळ्यामागची काळजी खरी असते, परंतु ती बऱ्याचदा चुकीच्या जागी खर्च होते. एक ते तीन वर्षांचे मूल किती खाते याची जितकी चिंता आपण करतो, तितकी ते काय खाते याची करत नाही; आणि आपल्याकडच्या मुलांना जो धोका खरोखर आहे, तो या दुसऱ्या बाजूला आहे.

आधी भूक कमी का होते ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये मुलांच्या वाढीची मानके प्रसिद्ध केली. त्यांसाठी सहा देशांतील मुलांचा अभ्यास झाला होता आणि त्यांत नवी दिल्लीतील मुलेही होती. या मानकांनुसार मुलग्याचे मध्यम वजन जन्मतः ३.३ किलो, एका वर्षाला ९.६ किलो आणि दोन वर्षांना १२.२ किलो असते. मुलीचे अनुक्रमे ३.२, ८.९ आणि ११.५ किलो. याचा अर्थ असा की पहिल्या वर्षात सहा किलोंच्या आसपास वाढणारे मूल दुसऱ्या वर्षात जेमतेम अडीच किलो वाढते. उंचीचेही तसेच आहे: पहिल्या वर्षात सुमारे २५ सेंटिमीटर, तर दुसऱ्या वर्षात १२ सेंटिमीटर. वाढीचा वेग निम्म्याहून खाली आला की वाढीसाठी लागणारे इंधनही कमी होते आणि शरीर भुकेची मागणी त्या मानाने कमी करते. भूक मंदावण्याचे हे कारण पूर्णपणे निरोगी आहे.

याच काळात मूल चालू लागते, पळू लागते आणि त्याचे बाळसे उतरते. मांड्यांच्या वळ्या जातात, चेहरा लांबट होतो, अंगाची ठेवण सडसडीत होते. जेवण कमी झाले आणि अंगही उतरले, असे दोन्ही एकदम दिसल्यामुळे पहिल्यामुळे दुसरे झाले असा समज होणे अगदी स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात या वयाच्या वाढीची ती दोन स्वतंत्र लक्षणे आहेत.

आता ‘थोडेच खाल्ले’ म्हणजे नेमके किती, याचा विचार करावा. लहान मुलाच्या जठराची क्षमता दर किलो वजनामागे साधारण ३० मिलिलिटर मानली जाते. दहा किलोच्या मुलाच्या पोटात म्हणून एका वेळी सुमारे ३०० मिलिलिटर, म्हणजे आपल्या नेहमीच्या दोन वाट्या अन्न मावते, आणि त्यांत पाणी व दूधही आले. अर्धी वाटी वरणभात, दोन चमचे भाजी आणि चार घोट ताक एवढ्यावर असे मूल उठले, तर ते उपाशी उठलेले नसते. मोठ्यांच्या ताटाशी तुलना केल्यामुळे ते जेवण आपल्याला तुटपुंजे वाटते. या वयाला दिवसाला साधारण हजार ते अकराशे कॅलरी लागतात. त्या दोन मोठ्या जेवणांत बसत नाहीत, म्हणून तीन लहान जेवणे आणि मधली दोन खाणी अशी विभागणी करावी लागते. मूल दर दोन-अडीच तासांनी थोडेसेच मागत असेल, तर ते शरीराच्या मापाने योग्यच वागत असते.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती कळली की जेवणाच्या वेळचा घरातला निम्मा ताण जातो. लिअन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांनी सहा दिवस दिवसभरात जे जे खाल्ले, ते त्यांनी मोजून ठेवले. एका जेवणापुरते पाहिले तर मुलांचे खाणे फार हेलकावे घेत होते. संख्याशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर चढउताराचे प्रमाण सरासरी ३३.६ टक्के होते. मात्र चोवीस तासांची बेरीज केल्यावर तोच चढउतार १०.४ टक्क्यांवर आला. सकाळी भरपूर खाल्लेले मूल दुपारी कमी खात होते आणि दुपारची कसर संध्याकाळी भरून काढत होते. आई-वडील ज्या एका जेवणाकडे पाहून हवालदिल होतात, ते जेवण मोजमापाचे योग्य एककच नाही. पाहायचे असेल तर दिवस पाहावा. आणि मन शांत ठेवता आले, तर आठवडा पाहावा.

मुलाच्या शरीराला आपली गरज कळते, या समजुतीला याहूनही जुना आधार आहे. क्लारा डेव्हिस या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी नुकतेच वरचे अन्न सुरू झालेल्या १५ बाळांवर केलेल्या दीर्घ प्रयोगाचा आढावा १९३९ मध्ये मांडला. ३४ पदार्थांच्या यादीतले पदार्थ बाळांसमोर ठेवले जात आणि परिचारिकांनी काहीही सुचवायचे नाही, आग्रह करायचा नाही, असा नियम होता. मुलांच्या निवडी चमत्कारिक होत्या. कोणी एखाद्या वेळी एकाच पदार्थावर तुटून पडे, तर कोणी काही पदार्थांकडे वळूनही पाहत नसे. तरीही सर्वांची वाढ चांगली झाली. मुडदूस असलेल्या एका बाळासाठी माशाच्या यकृताचे तेल ठेवले होते, तेही त्याने बरे होईपर्यंत आपणहून घेतले. हा प्रयोग सांगताना त्यातली मेख मात्र बऱ्याचदा सांगायची राहून जाते, आणि ती डेव्हिस यांनी स्वतः स्पष्ट केली होती: यादीत सगळे पदार्थ साधे, ताजे आणि पौष्टिक होते, साखर किंवा गोडधोड त्यांत नव्हतेच. मुलांना किती खावे हे कळत होते, पण समोर काय यावे हे मोठ्यांनी ठरवले होते. बिस्किटे, चिप्स आणि खिचडी अशी तिन्ही समोर ठेवून मूल शहाणपणाने खिचडी निवडेल, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी याच विचाराला जबाबदारीच्या वाटणीचे रूप दिले. काय वाढायचे, केव्हा वाढायचे आणि कुठे बसून खायचे हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवावे. वाचायला ही वाटणी सोपी वाटते, पण प्रत्यक्षात आपण ती बरोबर उलटी करून बसतो. मूल ‘बिस्कीट’ म्हणाले की बिस्कीट येते, म्हणजे काय खायचे हे मूल ठरवते. आणि ‘एवढी वाटी संपवायचीच’ असे आपण म्हणतो, म्हणजे किती खायचे हे आपण ठरवतो.

नवा पदार्थ नाकारणे हाही या वयाचाच भाग आहे. साधारण दीड-दोन वर्षांपासून मुले अनोळखी चवींना बिचकू लागतात आणि हा काळ शाळेच्या वयापर्यंत चालू शकतो. मूल स्वतःच्या पायांनी हिंडू लागते त्याच सुमारास दिसेल ते तोंडात न घालण्याची ही सावधगिरी येते, म्हणून ती विषारी वस्तूंपासून संरक्षण देणारी असावी, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे: तोच पदार्थ, अगदी थोडा, आग्रहाशिवाय, पुन्हा पुन्हा समोर येत राहणे. एखादी चव ओळखीची व्हायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही लागतात. आपण मात्र दोन-तीनदा नकार आला की ‘याला भेंडी आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतो. आमच्या मुलीने भेंडी खायला सुरुवात केली, त्याआधी ती तिच्याशी नुसतीच खेळत असे. भेंडीचा गोल काप बोटाच्या टोकावर अडकवायचा, आतली पांढरी बी नखाने उकरून काढायची, ती ताटाच्या कडेला चिकटवायची, काप जिभेला लावायचा आणि परत ठेवून द्यायचा. पाहणाऱ्याला ही अन्नाची नासाडी वाटते. पण हाताळणे, हुंगणे आणि चाटणे या खाण्याच्याच पायऱ्या आहेत, आणि त्या ओलांडू दिल्या की एखाद्या दिवशी तो काप कोणी न सांगता तोंडात जातो.

जबरदस्तीने मात्र हे काम होत नाही, उलट बिघडते. बर्च यांच्याच १९८४ मधील एका अभ्यासात ठरावीक पेय पिण्याबद्दल मुलांना बक्षीस दिले गेले; बक्षीस चालू असताना मुलांनी ते प्यायले, पण नंतर त्यांची त्या पेयाची आवड आधीपेक्षा कमी झालेली आढळली. ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट’ या वाक्यातून मूल हेच शिकते की भाजी ही सोसायची आणि चॉकलेट ही मिळवायची गोष्ट आहे. मोबाइल दाखवून भरवण्याचे नुकसान वेगळ्या प्रकारचे आहे. पडद्यात गुंतलेले मूल तोंड उघडते आणि गिळते, पण चव, वास आणि पोट भरल्याची जाणीव या तिन्हींकडे त्याचे लक्ष नसते. जी आतली मोजपट्टी त्याला जन्मभर उपयोगी पडणार आहे, तीच आपण रोज बंद करून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस तर अशी आहे की एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन वर्षांनंतरही दिवसाकाठी एक तासाच्या आत राहावे. चिऊ-काऊच्या घासाला माझा अजिबात विरोध नाही. भुकेल्या मुलाशी गप्पा मारत भरवलेला तो घास म्हणजे सहवास असतो. मुलाने मान फिरवल्यावरही तोच घास मागे धावत कोंबला, तर त्याचा अर्थ बदलतो.

घरातल्या आजी-आजोबांशी यावरून खटके उडतात, म्हणून त्यांच्या भीतीबद्दलही लिहिले पाहिजे. १९७१ मध्ये भारतात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० मध्ये हे प्रमाण २८ वर आले. ज्या पिढीने शेजारीपाजारी हगवणीने, गोवराने लहान मुले दगावताना पाहिली, तिच्या दृष्टीने गुटगुटीत मूल म्हणजे आजार झेलू शकणारे मूल होते. त्या काळात ती समजूत निराधार नव्हती. त्यामुळे ‘तुम्हाला काही कळत नाही’ असे म्हणण्याऐवजी वाढीचा तक्ता त्यांच्यासमोर उघडून ठेवणे अधिक न्याय्य आहे आणि अधिक उपयोगीही आहे. अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डात हा तक्ता असतो. दर महिन्याला वजनाचा ठिपका मांडला आणि ठिपके जोडणारी रेघ छापील वक्ररेषेला समांतर वर जात असली, तर मूल आपल्या गतीने वाढत आहे. ती रेघ वरच्या पट्ट्यात आहे की मधल्या, यापेक्षा तिची दिशा महत्त्वाची असते.

आता ज्या चिंतेसाठी हा लेख लिहिला, तिच्याकडे येतो. मूल जेवत नाही म्हटल्यावर बहुतेक घरांत पहिला उपाय दुधाचा होतो. ‘जेवला नाही, निदान दूध तरी पोटात जाऊ दे’ हे वाक्य प्रेमापोटीच येते, पण हिशेब करून पाहावा. १०० मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात आणि म्हशीच्या निरशा दुधात शंभराहून अधिक. सकाळी एक, दुपारी झोपण्यापूर्वी एक, संध्याकाळी एक आणि रात्री एक असे २०० मिलिलिटरचे चार पेले म्हशीचे दूध प्यायले, तर आठशेच्या वर कॅलरी दुधातूनच मिळाल्या. दिवसाची गरज हजार-अकराशे कॅलरींची असताना जेवणासाठी भूक उरणार कुठून? मूल जेवत नाही म्हणून दूध दिले जाते आणि दूध दिले जाते म्हणून मूल जेवत नाही.

कॅलरी मिळत असल्याने असे मूल वजनाला चांगले दिसते, आणि नेमकी हीच गोष्ट फसवी आहे, कारण दुधात लोह जवळजवळ नसते. शिवाय दुधातील कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन इतर अन्नातील लोहाच्या शोषणातही अडथळा आणतात. जन्मतः शरीरात असलेला लोहाचा साठा पहिल्या सहा महिन्यांत बराचसा वापरला जातो. त्यानंतर लोह अन्नातूनच यावे लागते. ते आले नाही तर रक्तक्षय होतो, मूल चिडचिडे होते, लवकर थकते, वारंवार आजारी पडते. याच वर्षांत मेंदूची जडणघडण वेगाने होत असल्याने लोहाच्या कमतरतेचा परिणाम लक्ष देण्याच्या आणि शिकण्याच्या क्षमतेवरही होतो. त्यातच लोह कमी झाले की भूक आणखी मरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या भारतीय मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय होता आणि महाराष्ट्रातले प्रमाण ६८.९ टक्के होते. इतके मोठे प्रमाण केवळ गरिबीने समजावता येत नाही. बऱ्यापैकी खात्यापित्या घरांतही दूध, बिस्कीट आणि भात यांवर वाढणारी मुले आहेत. काहींना तर चहात बुडवून खारी किंवा टोस्ट दिला जातो, आणि चहातील टॅनिनमुळे उरलेसुरले लोहही नीट शोषले जात नाही.

म्हणून वर्षानंतर वरचे दूध दिवसाला सुमारे अर्ध्या लिटरच्या आत ठेवावे, शक्यतो बाटलीऐवजी पेल्याने द्यावे आणि जेवणाच्या तोंडावर देऊ नये. दह्या-ताकाचाही यातच हिशेब करावा. स्तनपान चालू असेल तर ते दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवायला हरकत नाही; फक्त तेही जेवणाची जागा घेत नाही ना, हे पाहावे. लोहासाठी मटण, कलेजी, चिकन आणि मासे हे सर्वांत सहज शोषले जाणारे स्रोत आहेत. मांसाहार करणाऱ्या घरांतही लहान मुलांना नुसता रस्सा चाखवला जातो आणि मांस दिले जात नाही, तेव्हा लोह भांड्यातच राहते; बारीक खिमा किंवा काटे काळजीपूर्वक काढलेला मासा या वयाला चालतो. शाकाहारी घरांत डाळी, मोड आलेली मटकी आणि मूग, चवळी, राजगिरा, तीळ, अळीव यांचा आधार घ्यावा. भिजवून मोड आणल्याने कडधान्यांतील लोह अधिक शोषले जाते. त्यावर लिंबू पिळले किंवा सोबत पेरू, आवळा, संत्रे दिले, तर आणखी फायदा होतो. लोखंडी कढईत भाजी किंवा आमटी करण्याची जुनी पद्धत इथे खरोखर उपयोगी आहे. नाचणी उत्तम धान्य आहे, पण तिचा मोठा गुण कॅल्शियमचा आहे, त्यामुळे केवळ नाचणीच्या भरवशावर लोहाची बाजू सोडू नये. पालकाविषयीही तेच: तो जरूर द्यावा, मात्र त्यातील लोहाचा थोडाच भाग अंगी लागतो.

एवढे करूनही आपल्या आहारातून लोहाची गरज भागणे कठीण जाते, म्हणून सरकारी कार्यक्रमातून सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना लोह आणि फॉलिक आम्लाचे सिरप आठवड्यातून दोनदा, एका वेळी एक मिलिलिटर, मोफत दिले जाते. आशा सेविका किंवा अंगणवाडी सेविका यांच्याकडे त्याची बाटली मिळते. सिरपमुळे शी काळपट होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही; ते दुधासोबत मात्र देऊ नये. वर्षानंतर ठरावीक दिवशी जंतनाशक गोळीही दिली जाते आणि ती चुकवू नये, कारण जंतांमुळेही रक्तक्षय वाढतो. महागड्या डब्यांतली चॉकलेटच्या चवीची पावडर या दोन्हींना पर्याय नाही. बहुतेकदा तिच्यातून साखरच अधिक जाते, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांच्या अन्नात वरून साखर घालूच नये.

एक इशारा थोडक्यात देतो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चणे, अख्खी द्राक्षे, सुक्या खोबऱ्याचे तुकडे आणि गोळ्या हे पदार्थ चार-पाच वर्षांचे होईपर्यंत मुलांना देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकतात. शेंगदाण्याचा कूट चालतो, द्राक्ष उभे चार भाग करून द्यावे. आणि मुलाने खाताना बसलेले असावे. पळत, हसत किंवा रडत असताना भरवू नये.

काही लक्षणे मात्र ‘या वयात असेच असते’ म्हणून सोडून देऊ नयेत. वजनाची रेघ सलग दोन-तीन महिने आडवी राहणे किंवा खाली वळणे, तळवे आणि ओठ फिकट दिसणे, माती, खडू किंवा भिंतीचे पोपडे खाणे, गिळताना ठसका लागणे, जुलाब किंवा उलट्या वारंवार होणे, आणि दोन वर्षांनंतरही मूल वाटून मऊ केलेल्या अन्नापलीकडे काहीच स्वीकारत नसणे, यांपैकी काहीही आढळले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. जाताना आधीच्या तीन दिवसांत मुलाच्या पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसह लिहून न्यावी. त्यात दुधाचा प्रत्येक पेला, पाळणाघरातला खाऊ, आजोबांनी फिरायला नेल्यावर दिलेले बिस्कीट आणि झोपताना दिलेली बाटली हे सगळे यावे, कारण ‘काही खातच नाही’ या एका वाक्यावरून डॉक्टरांना जे कळत नाही, ते या कागदावरून पाच मिनिटांत कळते.